जाहिरात : फुशारकी की वचन?

या व्याख्यानमालेला येताना पुलापासून मंडपाच्या दारापर्यंत वाटेत किती फलक लागतात, ते आम्ही परवा सहज मोजून पाहिले. एकेचाळीस भरले. एका मिठाईवाल्याने आपली बासुंदी जगात एक नंबरची असल्याचे लिहिले होते. एका नियोजित गृहसंकुलाच्या फलकावर 'स्टेशनपासून पाच मिनिटे' असे होते. ही मिनिटे पायी चालणाऱ्याची, की मध्यरात्री मोकळ्या रस्त्याने मोटार हाकणाऱ्याची, याचा खुलासा नव्हता. एका शिकवणी वर्गाने स्पर्धा परीक्षेत यशस्वी झालेल्या अकरा तरुणांची छायाचित्रे ओळीने लावली होती. आणि मंडपाच्या अगदी जवळ, पानवाल्याच्या ठेल्याशेजारी, मधुमेह मुळापासून घालविण्याची हमी देणारा एक पिवळा फलक होता.

बासुंदीच्या फलकाने कोणी फसत नाही. जगातील सर्व बासुंद्या चाखून मग हा निकाल दिला असेल, असे शाळकरी पोरही मानत नाही. मधुमेहाच्या फलकाने मात्र मनुष्य फसतो, आणि फसला म्हणजे नुसते पैसे जात नाहीत. डॉक्टरने दिलेले चालू औषध तो बंद करतो. पहिल्या फलकाला हसून सोडून द्यावे आणि दुसऱ्याला जाब विचारावा, हे कोणालाही पटेल. परंतु या दोहोंच्या मध्ये रेघ नेमकी कोठे ओढावयाची? कायद्यापुढे हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आहे, आणि ती रेघ एके ठिकाणी स्थिर राहिलेली नाही. ती कशी सरकत आली, ते येथे सांगावयाचे आहे.

जुन्या बाजारात या प्रश्नाची एवढी निकड नव्हती. ज्वारी घेणारा मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकून पाही. शेंगा घेणारा एखादी फोडून दाणा चावून पाही. बैल घेणारा त्याचे दात पाही आणि त्याला चार पावले चालवून पाही. माल समोर होता, विकणारा ओळखीचा होता, आणि पुढच्या आठवडी बाजाराला तो पुन्हा त्याच जागी बसणार होता. अशा व्यवहाराला 'गिऱ्हाइका, तुझे तू पाहून घे' हा नियम पुरेसा होता. इंग्रजी कायद्याचे हे जुने तत्त्व आपल्याकडील १९३० च्या मालविक्री कायद्याच्या सोळाव्या कलमातही आहे. अर्थात त्याला महत्त्वाचे अपवाद जोडून. पण माल डब्यात बंद झाला, करणारा शेकडो मैलांवर गेला, तेव्हा गिऱ्हाइकाने पाहून घ्यावयाचे ते काय? डब्यावरचा कागद आणि वर्तमानपत्रातील जाहिरात, एवढेच त्याच्या हाती उरले. त्या शब्दांना काही किंमत आहे की नाही, हे ठरविण्याची पाळी न्यायालयावर आली ती लंडनमध्ये, आणि ती एका रबरी चेंडूमुळे.

१८८९ पासून पुढची दोनतीन वर्षे युरोपात इन्फ्लुएंझाची मोठी साथ होती. तिच्यावर खात्रीचे औषध कोणाजवळ नव्हते, आणि जेथे औषध नसते तेथे औषधे पुष्कळ असतात. लंडनच्या कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीने रबराचा एक चेंडू विकावयास काढला. त्यात कार्बोलिक आम्लाची पूड भरलेली असे. चेंडूची नळी नाकात धरावयाची आणि चेंडू दाबावयाचा, म्हणजे ती पूड धुरासारखी वर जाई. किंमत दहा शिलिंग. १८९१ च्या नोव्हेंबरात 'पॉल मॉल गॅझेट' या पत्रात कंपनीने जाहीर केले की, छापील सूचनेप्रमाणे दिवसातून तीनदा, दोन आठवडे हा चेंडू वापरूनही ज्याला इन्फ्लुएंझा किंवा पडसे होईल त्याला आम्ही शंभर पौंड देऊ. आणि आमचा हेतू सच्चा आहे याची खूण म्हणून एक हजार पौंड रीजंट स्ट्रीटवरील अलायन्स बँकेत ठेवले आहेत.

एलिझाबेथ कार्लिल नावाच्या बाईंनी ही जाहिरात वाचली, २० नोव्हेंबरला चेंडू घेतला, आणि तो नेमाने दिवसातून तीनदा नाकाला लावला. दोन आठवडे नव्हे, जवळजवळ दोन महिने. १७ जानेवारी १८९२ रोजी त्यांना इन्फ्लुएंझा झाला. त्यांच्या यजमानांनी वकिलीचे शिक्षण घेतलेले होते, ही गोष्ट कंपनीला ठाऊक नसावी. त्यांनी शंभर पौंड मागणारी पत्रे लिहिली. पहिल्या दोन पत्रांना उत्तर नाही. तिसऱ्याला उत्तर आले ते असे की, आमचा चेंडू नीट वापरला तर गुण येतोच येतो. आणि लबाडीला आळा म्हणून बाईंनी रोज आमच्या कचेरीत येऊन चिटणिसाच्या देखत चेंडू वापरावयास हवा होता. जाहिरातीत ही अट कोठेही नव्हती. पैसे मागण्याची वेळ आल्यावर अट जन्माला आली. हा अनुभव वाचकांपैकी बहुतेकांना आला असेल. आम्हांलाही एका पंख्याच्या बाबतीत आला आहे. 'आजीवन हमी' ही पंख्याच्या आयुष्यापुरती असते, माणसाच्या नव्हे, असे दुकानदाराने आम्हांस मोठ्या शांतपणे समजावून सांगितले होते.

असो. खटला उभा राहिला. कंपनीच्या बाजूने खालच्या न्यायालयात उभे राहिलेले वकील पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले आस्क्विथ हे होते. कंपनीचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे, कारण आजही जाहिरातदार थोड्याफार फरकाने तेच म्हणतात. ही नुसती व्यापारी फुशारकी होती. शहाण्या माणसाने ती मनावर घ्यावयाची नसते. शिवाय वचन दिले म्हणावे तर कोणाला? साऱ्या जगाशी कोणी करार करतो काय? आणि बाईंनी आपण प्रस्ताव स्वीकारल्याचे आम्हांला कधी कळविले?

७ डिसेंबर १८९२ रोजी अपील न्यायालयाने तीनही आक्षेप फेटाळले. लिंडली, बोवेन आणि ए. एल. स्मिथ हे तीन न्यायमूर्ती. ज्याने एक हजार पौंड बँकेत ठेवल्याचे स्वतःच छापले त्याला 'आम्ही थट्टा करीत होतो' असे म्हणता येत नाही. प्रस्ताव साऱ्या जगापुढे ठेवता येतो, आणि जो पुढे येऊन अट पुरी करतो त्याच्याशी करार होतो. स्वीकार कळविण्याच्या मुद्द्यावर बोवेन यांनी हरवलेल्या कुत्र्याचा दाखला दिला. कुत्रे शोधून देणाऱ्याला बक्षीस, असे मी जाहीर केले, तर शोधावयास निघणाऱ्या प्रत्येकाने आधी मला पत्र लिहावे अशी माझी अपेक्षा असते काय? कुत्रे आणून दिले की झाले. आपल्या वाचकांनी हेही ध्यानी घ्यावे की, अट पुरी करणे हाच स्वीकार, हे तत्त्व हिंदुस्थानच्या १८७२ च्या करार कायद्यात, आठव्या कलमात, या खटल्याच्या वीस वर्षे आधीच लिहिलेले होते.

बाईंना शंभर पौंड मिळाले. पुढे त्या शहाण्णव वर्षांपर्यंत जगल्या आणि १९४२ साली वारल्या. डॉक्टरने मृत्यूची कारणे दोन लिहिली: वार्धक्य आणि इन्फ्लुएंझा.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला पहिल्याच वर्षी शिकवितात, आणि ग्राहकाचा विजय म्हणून तो पुष्कळदा सांगितला जातो. आमचे मत थोडे वेगळे आहे. बाई जिंकल्या त्या कंपनी खोटे बोलली म्हणून नव्हे, तर कंपनीने शंभर पौंड देऊ केले म्हणून. तिने नुसते 'आमच्या चेंडूने इन्फ्लुएंझा होत नाही' एवढेच छापले असते आणि रकमेचा व बँकेचा उल्लेख टाळला असता, तर बाईंना करारावर बोट ठेवता आले नसते. व्यापाऱ्यांनीही यातून घ्यायचा तो धडा घेतला. चेंडूच्या मालकाने १८९३ च्या फेब्रुवारीत नवी जाहिरात दिली. बक्षीस शंभराचे दोनशे पौंड केले, पण त्याभोवती अटींचे कुंपण घातले. आणि वर असे लिहिले की, हजारो चेंडू खपले, पण बक्षीस मागावयास तिघेच आले, यावरूनच चेंडूचा गुण सिद्ध होतो! हरलेल्या खटल्याची जाहिरात करणारा हा गृहस्थ आपल्या धंद्यात निष्णात होता, यात शंका नाही.

तात्पर्य, एकेका गिऱ्हाइकाने आपापला करार घेऊन न्यायालयात जावे, हा मार्ग अपुरा होता. दहा शिलिंगांसाठी कोण जाणार? आणि औषधाने प्राण गेला तर खटला कोण भरणार? खोटी जाहिरात हा दोघांमधील तंटा नसून सार्वजनिक उपद्रव आहे, असे मानून सरकारने स्वतः मध्ये पडणे हा दुसरा मार्ग. स्वतंत्र भारतात तो प्रथम औषधांच्या बाबतीत स्वीकारला गेला, आणि तेच योग्य होते.

१९५४ साली संसदेने औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा केला. १ एप्रिल १९५५ पासून तो अमलात आला. या कायद्याचे वैशिष्ट्य पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कर्करोग, मधुमेह, मोतीबिंदू, अपस्मार, कुष्ठ, क्षय, लठ्ठपणा, एवढेच काय, माणसाची उंची वाढविणे, अशा ठरावीक रोगांवर व स्थितींवर औषधाची जाहिरात सामान्य जनतेत करावयाचीच नाही, असे तो म्हणतो. जाहिरात खरी की खोटी हा प्रश्न येथे निघतच नाही. डॉक्टरांना खाजगी रीतीने माहिती पाठवावयास मोकळीक आहे. कारण उघड आहे: या रोगांत मनुष्याने फलक वाचून स्वतःचा वैद्य स्वतःच व्हावे, हेच मुळी धोक्याचे. 'जादूचे उपाय' या शब्दांच्या व्याख्येत तावीज, मंत्र आणि कवच ही नावे घालून कायदा करणाऱ्यांनी आपल्या देशाची ओळख पटविली आहे. तेव्हा मंडपाजवळचा तो पिवळा फलक सत्तर वर्षांहून अधिक काळ बेकायदा आहे; आणि तरीही तो तेथे आहे.

या कायद्याविरुद्ध औषधविक्रेते सर्वोच्च न्यायालयात गेले. आम्हांला भाषणस्वातंत्र्य आहे, आणि जाहिरात हे भाषणच, असा त्यांचा युक्तिवाद. हमदर्द दवाखाना खटल्यात १८ डिसेंबर १९५९ रोजी न्यायालयाने सांगितले की, जाहिरात हा भाषणाचा प्रकार खरा, पण ती कशासाठी केली आहे यावरून तिचे खरे स्वरूप ठरते. बंदी घातलेल्या औषधांचा खप वाढविण्यासाठी केलेली जाहिरात म्हणजे विचारांचा प्रसार नव्हे. त्याच निकालात न्यायालयाने कायद्याचा काही भाग रद्दही केला. रोगांची यादी वाढविण्याचा अधिकार सरकारला फारच मोकळा दिला होता, आणि माल जप्त करण्याचे अधिकार मर्यादेबाहेरचे होते. पुढे १९६३ च्या दुरुस्तीने रोगांची यादी कायद्याच्याच परिशिष्टात आली. लोकांचे रक्षण करणाऱ्या कायद्यालाही न्यायालयाने चाळणी लावली, हे आम्हांला त्या निकालातील मोलाचे अंग वाटते. १९९५ साली टाटा प्रेस खटल्यात त्याच न्यायालयाने व्यापारी जाहिरातीलाही भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण आहे असे मानले. मात्र दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ते नाही.

आपल्या महाराष्ट्रातील एक निकाल येथेच सांगितला पाहिजे. देवाचे नाव लावलेली यंत्रे दूरचित्रवाणीवर विकली जात. ती घरात ठेवली की संकटे टळतात, असे सांगितले जाई. एका शिक्षकाने याविरुद्ध अर्ज केला, आणि २०२१ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, अशा यंत्रांत अलौकिक शक्ती असल्याच्या जाहिराती महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरविल्या. कवच हा शब्द १९५४ च्या कायद्यात होता. पण तो कायदा रोग बरा करण्यापुरता. दारिद्र्य बरे करण्याचा दावा पकडावयास दुसरा कायदा लागला.

औषधाखेरीज इतर मालाचे काय? मक्तेदारीविरुद्धच्या १९६९ च्या कायद्यात प्रथम ग्राहकाचा विचार फारसा नव्हता. न्या. सच्चर समितीने १९७८ साली तो दोष दाखविला, आणि १९८४ च्या दुरुस्तीने 'अनुचित व्यापारी प्रथा' हे नवे प्रकरण त्यात आले. (मध्यंतरी महाराष्ट्रातील लोक स्वस्थ बसले नव्हते. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत काढली, आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली.) या दुरुस्तीतून एक गमतीचा खटला झाला. नोव्हिनो नावाच्या विजेरीच्या सेलची जाहिरात अशी होती की, हे सेल जपानच्या नॅशनल पॅनासॉनिकच्या सहकार्याने बनविले आहेत. आता त्या नावाची कंपनीच नव्हती. कंपनीचे नाव मात्सुशिता. नॅशनल व पॅनासॉनिक ही तिच्या मालाची नावे. म्हणजे विधान अक्षरशः चूक. आयोगाने कंपनीला दोषी ठरविले. पण १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. सहकार्य खरोखरच होते. गिऱ्हाइकाला मात्सुशितापेक्षा पॅनासॉनिक हेच नाव ठाऊक. तेव्हा त्याच्या मनात जे चित्र उभे राहिले ते खोटे नव्हते.

हा निकाल जाहिरातदाराच्या बाजूचा आहे, तरी ग्राहकाला त्याचा उपयोग मोठा आहे. शब्द खरा की खोटा यापेक्षा, तो वाचून सामान्य वाचकाच्या मनावर काय ठसा उमटतो, हे पाहावयाचे. शब्द चुकीचा असून ठसा खरा असेल तर जाहिरात निर्दोष ठरू शकते. मग शब्द सगळे खरे असून ठसा खोटा असेल तर? हाच न्याय उलट लावला की आपण त्या अकरा छायाचित्रांपाशी येऊन पोहोचतो.

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यांत ग्राहकांसाठी न्यायमंच आले. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. तो २०२० च्या जुलैपासून लागू झाला. 'दिशाभूल करणारी जाहिरात' म्हणजे काय, हे या नव्या कायद्यात सांगितले आहे. मालाचे खोटे वर्णन व खोटी हमी तीत येतेच. पण महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपविणेही तीत येते. या कायद्याखाली स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अलीकडे अनेक शिकवणी वर्गांना दंड केले. त्या प्रकरणांत पुष्कळदा असे आढळले की, छायाचित्रे खरी, नावे खरी, परीक्षेतील क्रमांकही खरे. लपविले होते ते एवढेच की, यांतील बहुतेक विद्यार्थी त्या वर्गात वर्षभर शिकलेच नव्हते; पूर्व व मुख्य परीक्षा स्वतःच्या बळावर उत्तीर्ण झाल्यावर त्यांनी मुलाखतीचा सराव तेवढा, आणि तोही बहुधा विनामूल्य, तेथे केला होता. म्हणून एकच तरुण चार वर्गांच्या फलकांवर हसताना दिसतो. तो फलक पाहून एखादा शेतकरी बाप दोन वर्षांच्या शिक्षणक्रमाचे लाखभर रुपये भरतो, तेव्हा त्याला एकही खोटा शब्द सांगितलेला नसतो. २०२४ च्या नोव्हेंबरात प्राधिकरणाने शिकवणी वर्गांसाठी नियम काढले. यशस्वी विद्यार्थ्याने कोणता शिक्षणक्रम घेतला, किती मुदतीचा, फी देऊन की विनामूल्य, हे छायाचित्राबरोबर लिहिले पाहिजे. आणि त्याची संमती निकाल लागल्यानंतर घेतलेली पाहिजे.

गृहसंकुलाच्या पाच मिनिटांसाठी २०१६ चा स्थावर संपदा कायदा निराळा आहे. जाहिरातीतील खोट्या विधानावर भरवसा ठेवून पैसे भरणाऱ्याला भरपाई मागता येते, किंवा व्यवहार सोडून व्याजासह रक्कम परत मागता येते. बासुंदी, अर्थात, मोकळी आहे.

फलकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'अटी लागू' लिहिण्याची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. २०२२ च्या जूनमधील मार्गदर्शक तत्त्वांनी तीही पकडली. दावा ज्या भाषेत, खुलासा त्याच भाषेत; दावा ज्या टंकात, खुलासाही त्याच टंकात; आणि वरचा दावा खालच्या खुलाशाने खोडून काढावयाचा नाही. मराठीत मोह आणि इंग्रजीत अटी, हा प्रकार त्यामुळे नियमबाह्य आहे. जाहिरातीत झळकणारे नटनट्या आणि खेळाडूही आता सुटत नाहीत. प्राधिकरण त्यांनाही दहा लाखांपर्यंत दंड करू शकते, आणि एक वर्ष, पुन्हा तसेच घडले तर तीन वर्षे, जाहिरातीतून दूर ठेवू शकते. दाव्याची खातरजमा केल्याचे त्यांनी दाखविले तर मात्र सुटका आहे. करणाऱ्याला दुसऱ्या खेपेस दंडाची मर्यादा पन्नास लाख.

पण प्राधिकरणाचा दंड सरकारजमा होतो. तुमचे गेलेले पैसे त्याने परत येत नाहीत. त्यासाठी जिल्हा आयोगाकडे जावे लागते. ही दोन दारे वेगळी आहेत, आणि लोकांचा घोटाळा होतो तो येथेच. फलक खाली उतरावा एवढेच हवे असेल तर तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी देता येते, किंवा १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. तुम्ही स्वतः फसलेले असण्याचीही गरज नाही. भरपाई हवी असेल तर मालाला मोजलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असताना जिल्हा आयोग, आणि तोही तुमच्या राहत्या जिल्ह्याचा. विकणारा दिल्लीत असला तरी दिल्लीला जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. विक्रेत्याने स्वखर्चाने खुलाशाची जाहिरात द्यावी, असाही हुकूम आयोग करू शकतो. अशा जाहिराती आमच्या पाहण्यात फार थोड्या आल्या. तक्रारदार ती मागणी अर्जात लिहीतच नाहीत, हे एक कारण असावे.

आणि अर्जाला जोडावयास जाहिरात लागते. कार्लिलबाईंचा दावा टिकला, कारण 'पॉल मॉल गॅझेट'चा मजकूर न्यायालयापुढे होता. आपल्याकडे फलक रातोरात बदलतो, भ्रमणध्वनीवरील जाहिरात तासाभरात नाहीशी होते. माल घेण्यापूर्वी वर्तमानपत्राचे कात्रण तारखेसह कापून ठेवावे, फलकाचे वा पडद्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे, पावतीवर मालाचे नाव पूर्ण लिहून घ्यावे. पिवळ्या फलकाचे छायाचित्र आम्ही घेतले आहे. अर्ज जिल्हाधिकारी कचेरीत सोमवारी द्यावयाचा आहे.